पहिली टिकी : नाक आधी, डोळे शेवटी

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर सुरूचं बन असतं, वाडीच्या कडेला उंडीचं जुनं झाड असतं आणि खाडीकाठी भेंडी उभी असते. भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांचं ते मोठं झाड. हे दृश्य आपल्याला अगदी घरचं वाटतं. पण हीच तिन्ही झाडं इथून हजारो मैलांवर, प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवरही समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. तिकडच्या भाषांत उंडी म्हणजे तमानु, भेंडी म्हणजे मिरो आणि सुरू म्हणजे तोआ. तोआच्या लोखंडासारख्या लाकडातून मार्केसस बेटांवरचे योद्धे आपल्या गदा घडवत. मिरो आणि तमानुच्या ओंडक्यांतून तिथले कारागीर आजही टिकी कोरतात.

टिकी म्हणजे मोठं डोकं, बटबटीत डोळे, रुंद तोंड, पोटावर टेकवलेले हात आणि किंचित वाकवलेले गुडघे असलेली मानवाकृती. लाकूडकामाला सुरुवात करणाऱ्यासाठी याहून चांगला विषय सापडणं कठीण आहे. नाजूक बोटं नाहीत, वस्त्राच्या चुण्या नाहीत, चेहऱ्याचं हुबेहूब साम्य साधायचं नाही. सगळा जोर ठळक उंचसखलपणावर असतो. करवत, पटाशी आणि एखादं छोटं यंत्र एवढ्यावर चार-पाच सुट्ट्यांमध्ये पहिली टिकी उभी राहू शकते. ती कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

कोरण्याआधी थोडी ओळख

माओरी परंपरेत टिकी हे पहिल्या पुरुषाचं नाव आहे. मार्केससमध्ये देवरूप पूर्वजांच्या आकृतींना टिकी म्हणतात. तिथल्या हिवा ओआ बेटावर पुआमाउ इथे टाकाई नावाची सुमारे अडीच मीटर उंचीची दगडी टिकी आहे. हवाईत अशा मूर्तींना किई म्हणतात. १८१९ मध्ये दुसऱ्या कामेहामेहा राजाने जुने धार्मिक निर्बंध मोडीत काढले, तेव्हा तिथल्या असंख्य मूर्ती नष्ट झाल्या. कू या देवाच्या मोठ्या लाकडी मूर्तींपैकी तीन आज होनोलुलूचं बिशप म्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतल्या सेलमचं पीबॉडी एसेक्स म्युझियम इथे आहेत. २०१० मध्ये त्या तिघी काही काळ होनोलुलूत एकत्र आल्या होत्या.

घरामागच्या अंगणात कोरल्या जाणाऱ्या टिकीचा उगम मात्र वेगळा आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात दक्षिण समुद्राच्या थाटाची मद्यगृहं निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेल्या सैनिकांमुळे ती हौस आणखी पसरली आणि ताडासारख्या झाडांच्या खोडांतून टिकी कोरणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. आपण शिकणार आहोत ती पद्धत बरीचशी त्यांची.

म्हणूनच एक पथ्य पाळावं. आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक कुणी गुत्त्यावर शोभेला टांगला तर आपल्याला काय वाटेल? एखाद्या विशिष्ट देवाच्या मूर्तीची नक्कल करू नका. घडण तिकडची असू द्या, चेहरा तुमच्या मनातला. आणि ती कुणाला दिलीत तर 'हवाईची मूर्ती' म्हणून देऊ नका.

लाकूड : अर्धा ओंडका पुरे

पहिल्या कामाला शिवण उत्तम. रंगाने फिकट, फार कठीण नाही, पटाशीला साथ देणारं. आंबा किंवा कडुनिंबही चालेल. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा फारच मऊ असतो. धार जरा बोथट असली तरी तंतू कापले न जाता दबतात आणि चुरगळतात. सागवान सुंदर दिसतं, पण त्यातल्या सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते. बाभूळ आणि चिंच पहिल्या कामाला नकोच.

नारळाच्या खोडाचा मोह होईल, कारण अमेरिकन टिकी बऱ्याचदा तशाच झाडांच्या असतात. पण नारळाच्या खोडात वर्षवलयं नसतात. कडेला दाट, कठीण तंतू आणि मधे भुसभुशीत गाभा. पटाशी कधी अडकते, कधी एकदम आत घुसते. ते लाकूड यंत्राचं आहे, शिकणाऱ्याच्या पटाशीचं नाही.

वखारीत किंवा छाटलेल्या फांद्यांच्या ढिगात १५ सेंटिमीटर व्यासाचा, ४५ सेंटिमीटर लांबीचा, गाठी नसलेला तुकडा शोधा. मग तो वखारीतच उभा चिरून घ्या. आपल्याला अर्धाच हवा आहे आणि त्यामागे कारण आहे. लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राच्या दिशेने आकसतं. पूर्ण गोल ओंडक्याला या ओढाताणीतून सुटायला वाट नसते, म्हणून तो कुठेतरी उभा तडकतो. नेमका नाकावरूनही. अर्ध्या ओंडक्यात ताण बराचसा सुटून जातो. शिवाय मागची बाजू सपाट असल्याने तो टेबलावर नीट बसतो.

ओलं लाकूड कोरायला सोपं, पण नंतर तडे जास्त. पूर्ण वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागतं. तेवढा धीर नसेल तर निदान काही महिने सावलीत, वारा लागेल असं ठेवा. लाकडातलं पाणी दोन्ही टोकांतून सर्वांत वेगाने उडतं, म्हणून टोकांना मेण, जुना ऑइलपेंट किंवा फेविकॉलचा जाड थर द्या. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवण्याची घाई करू नका.

हत्यारं : थोडी, पण धारदार

दुकानातला बारा नगांचा स्वस्त संच घेऊ नका. एक इंची आणि अर्धा इंची सरळ पटाशी, अर्धा ते पाऊण इंची गोल पटाशी, बारीक रेघा काढायला एक व्ही आकाराची पटाशी, लाकडाचा ठोकणा, बारीक दातांची करवत, एक अर्धगोल खरबरीत कानस आणि दोन शिकंजे. एवढ्यात पहिली टिकी होते.

याहून महत्त्वाचा धार लावायचा दगड. सरळ पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवा. दगडावर घासल्यावर जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची पेस्ट लावून मागे ओढत दहा-बारा हात मारा. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून पटाशीने कापून बघा. फाटला तर पुन्हा दगडाकडे, सरळ कापला गेला तर कामाला. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो, आणि हात निसटतो तो जोर लावतानाच. धार टिकवायची म्हणजे काम करतानाही दर अर्ध्या तासाने पट्ट्यावर चार हात मारायचे.

यंत्रांमध्ये चार इंची अँगल ग्राइंडर आणि ड्रिल पुरेसं आहे. ग्राइंडरला ४० किंवा ६० नंबरची फ्लॅप डिस्क लावा. टंगस्टन कार्बाइडच्या काटेरी डिस्क लाकूड झपाट्याने खातात. त्या सवय झाल्यावर वापरा. डोळ्यांच्या खोबणीसाठी छोटं रोटरी यंत्र मिळालं तर उपयोगी पडेल, नसलं तरी अडत नाही. चेनसॉ पहिल्या टिकीला नको.

यंत्र सुरू करण्याआधी

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे डिस्कची कडा ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

गार्ड काढायचा नाही. डिस्कवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, ते बघायचं. लाकूड कापायचं दातेरी करवतचक्र ग्राइंडरवर कधीही लावायचं नाही. ते लाकडात अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं. दोन्ही हातांनी धरायचं, आणि डिस्कच्या रेषेत तोंड ठेवायचं नाही. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, गळ्यातला दोरा, मोकळे केस आणि सैल कापडी हातमोजे यांना कामाच्या जागी प्रवेश नाही. गॉगल, कानाचं संरक्षण आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ नुसती खोकला आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात धरली आहे. म्हणून काम उघड्यावर करा आणि भुसा रोज गोळा करा. सोसायटीत राहत असाल तर दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवा. शेजारधर्म हाही सुरक्षेचाच भाग आहे.

लाकूड धरायचं कसं? आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून पायाच्या बोटांत लाकूड धरतात आणि त्यांचा हात चुकत नाही. त्यामागे अर्ध्या आयुष्याची सवय असते. तिची नक्कल करू नका. अर्ध्या ओंडक्याच्या सपाट पाठीत मागून दोन स्क्रू मारून तो एका जाड फळीवर बसवा आणि फळी शिकंज्याने टेबलाला आवळा. स्क्रू लाकडात दोन सेंटिमीटरपेक्षा आत जाऊ देऊ नका, नाहीतर पुढे पटाशीची धार त्यावर जाईल. असं केलं की पुढची सगळी बाजू मोकळी राहते आणि दोन्ही हात धारेच्या मागे राहतात.

आखणी : तीन भाग आणि एक बैठक

मार्केससच्या पारंपरिक टिकीत डोकं, धड आणि पाय जवळजवळ सारख्या उंचीचे असतात. खऱ्या माणसाचं डोकं उंचीच्या सात-आठ भागांतला एक भाग असतं. टिकीचा दरारा आहे तो या वाढवलेल्या डोक्यात. आपल्या ४५ सेंटिमीटरपैकी तळाचे ५ बैठकीला सोडा. उरलेल्या ४० मध्ये डोकं १४, धड १३, पाय १३.

लाकडाच्या पुढच्या बाजूवर मधोमध उभी रेघ मारा. ही रेघ शेवटपर्यंत जपायची. कोरताना पुसली गेली की लगेच पुन्हा मारायची. आडव्या रेघांसाठी कागदाची सरळ पट्टी गोल भागाभोवती गुंडाळा आणि तिच्या कडेने खडूने ओढा. डोक्याच्या १४ सेंटिमीटरमध्ये वरून कपाळ ३, डोळे ४, नाकाचं टोक २, तोंड ४ आणि हनुवटी १ अशी वाटणी धरा. मग एक चित्र समोरून आणि एक बाजूने कागदावर काढा. बाजूचं चित्र बहुतेक जण टाळतात. पण नाक किती पुढे, डोळे किती मागे, पोट किती बाहेर हे तिथेच ठरतं.

जास्तीचं लाकूड : इथे यंत्राला मोकळीक

या सगळ्या कामाचं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर, जे टिकीचं नाही ते यंत्राने काढायचं आणि जे टिकीचं आहे ते हाताने घडवायचं. यंत्राला घाई असते. जिथे घाई परवडते तिथेच ते वापरावं.

पहिलं पाऊल मात्र करवतीचं. हनुवटीखाली, हातांच्या खाली आणि बैठकीच्या वर असे तीन आडवे काप घ्या. खोली अडीच सेंटिमीटर. करवतीच्या पात्यावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी लावली की कुठे थांबायचं ते कळतं. हे काप म्हणजे ढलपीला घातलेला बांध. आता वरून किंवा खालून पटाशी तिरकी लावून कापाच्या दिशेने उतरत या. ढलपी कापाशी येऊन आपोआप तुटते. काप न घेता ठोकलंत, तर लाकूड उभ्या रेषेत सरळ पुढच्या भागापर्यंत चिरत जातं.

मान आणि कंबर अशी खोलगट झाली की ग्राइंडर घ्या. हलका हात, सतत हालचाल. एका जागी थांबलात तर खड्डा पडतो आणि लाकूड जळतं. कपाळाची कड, पोटाचा फुगवटा, दंडांची गोलाई, गुडघ्यांचा पुढे आलेला भाग एवढ्या भागांना यंत्राने उठाव द्या. प्रत्येक ठिकाणी आखलेल्या रेघेच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबा. लाकूड काढता येतं, लावता येत नाही. दोन पायांमधली फट करायची असेल तर आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडा. ड्रिलच्या टोकालाही खोलीच्या खुणेची चिकटपट्टी लावा.

चेहरा : इथे यंत्र बंद

चेहऱ्यात क्रम चुकला की सावरणं अवघड. नाक आधी, तोंड नंतर, डोळे शेवटी. नाक थोडं मोठं ठेवा, डोळे आणि तोंड थोडं लहान. मोठं नाक बारीक करता येतं, लहान डोळा मोठा करता येतो. याच्या उलट काही करता येत नाही.

नाकाच्या दोन्ही बाजूंना गोल पटाशीने उभे खोलगट पट्टे काढा. आधी कपाळाच्या कडेखाली आडवा काप, मग खालून वर त्याच्याकडे. डोळ्यांची जागा आणि गाल आत गेले की नाक आपोआप पुढे येतं. नाक कोरायचं नसतं, त्याच्या भोवतालचं लाकूड मागे सारायचं असतं. ही गोष्ट एकदा हाताला कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

तोंडाची बाह्यरेषा व्ही पटाशीने काढा, आतला भाग सेंटिमीटरभर खाली न्या. पहिल्या टिकीला जीभ नको. दात करायचे असतील तर मधली आडवी रेघ बारीक करवतीने घ्या आणि उभ्या रेघा व्ही पटाशीने. आडवी रेघ तंतूंना आडवी जाते, ती पटाशीने ठोकून काढायला गेलात तर दाताचे टवके उडतात.

ओठांबाबत माझा अनुभव सांगतो. पहिल्या टिकीचा खालचा ओठ मला पातळ आणि ऐटदार हवा होता. तासाभराच्या कामानंतर शेवटच्या हलक्या ठोक्याला तो अख्खा सुटून टेबलाखाली पडला. लाकडाचे तंतू उभे धावतात. पुढे आलेल्या पातळ ओठात ते जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे उरतात आणि बिस्किटासारखे मोडतात. तेव्हापासून ओठाची जाडी मी दीड सेंटिमीटरखाली नेत नाही. मोडलंच, तर तुकडा शोधा, फेविकॉल लावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. एक रात्र हात लावू नका. सांधा सहसा दिसतही नाही.

डोळ्यांना आधी फक्त गोल कड द्या, मग बुबुळ बाहेर फुगलेलं ठेवून कडेचं लाकूड खाली उतरवा. हवाईच्या आणि माओरी मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्याचे चमकते तुकडे बसवलेले आढळतात. किनाऱ्यावर सापडलेला शिंपला कानशीने गोल घासून तुम्हीही बसवू शकता. शिंपला मात्र पाण्याखाली ओला ठेवून घासा, त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट.

सगळ्या कामात एक गोष्ट कानाने ऐका. पटाशी उतारावरून खाली जाताना सुर्रकन सरकते आणि मागे गुळगुळीत पृष्ठभाग सोडते. कर्रकन आवाज आला, तंतू उचकटायला लागले, तर तुम्ही उलट दिशेने जाताय. जोर वाढवू नका, दिशा बदला.

रोज काम थांबवताना टिकी भिंतीशी उभी करा, दिवे मालवा आणि एका बाजूने मोबाइलचा उजेड टाका. दिवसभर न दिसलेला वाकडेपणा सावलीत लगेच दिसतो. एकदा उलटी करूनही बघा. उलट्या चेहऱ्यात आपण चेहरा बघत नाही, फक्त आकार बघतो, म्हणून दोन गालांतला फरक चटकन कळतो.

शेवटचा हात

पॉलिशपेपरने टिकी आरशासारखी करू नका. पोट, कपाळ, गुडघे अशा उंच भागांवर ८०, १२० आणि १८० नंबरचा कागद फिरवा. खोलगट भागांत पटाशीच्या खुणा राहू द्या. उजेड त्या खुणांवरच खेळतो.

रंग गडद हवा असेल तर गॅस टॉर्चने वरवर भाजून घ्या आणि तारेच्या ब्रशने काजळी झाडा. खोलगट भागांत काळेपणा उरतो, उंच भाग तांबूस दिसतो. हे काम उघड्यावर, भुसा झाडून, शेजारी पाण्याची बादली ठेवूनच.

त्यानंतर जवसाचं तेल. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल लाकडात सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं. रंगाच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' तेल घ्या, कच्च्याला सुकायला कित्येक आठवडे लागतात. पातळ हात द्या, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर ती आपल्याच उष्णतेने पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून फेका.

काही महिन्यांनी बारीक तडे दिसले तर घाबरू नका, आणि घाईने बुजवूही नका. एक पावसाळा जाऊ द्या. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं, उन्हाळ्यात पुन्हा उघडतं. फार रुंद तडा असेल तर त्याच लाकडाची पातळ पाचर बसवा. भुसा आणि फेविकॉल भरलेला भाग तेल पीत नाही आणि ठिगळासारखा दिसतो. टिकी बागेत ठेवणार असाल तर दगडावर ठेवा. मातीला टेकली की पहिल्याच पावसाळ्यात वाळवी आलीच.

काम संपलं की फळीवरून टिकी सोडवा. पाठीवर दोन स्क्रूंची भोकं दिसतील. ती बुजवू नका. त्यांच्याखाली लाकडाचं नाव आणि तारीख कोरा. वखारीतून चिरून आणलेल्या त्याच ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग अजून शिल्लक असेल. सहा महिन्यांनी दुसरी टिकी त्यातूनच करा. एकाच खोडातून निघालेल्या दोघी शेजारी ठेवल्या की फरक लाकडाचा नसून तुमच्या हाताचा आहे, हे तुम्हाला दिसेल. दुसरीचं नाक बहुधा जरा मोठंच असेल.